पऱ्ह्यांचा हिरवा

एकोडीच्या बायकांचा तांदूळ विकायला केलेल्या वेबसाइटला मी तुडतुड्याचा रंग दिला. तुडतुडा म्हणजे धानाचा रस पिणारा बारीक किडा. तो लागला की उभी हिरवी बांधी, म्हणजे धानाचं शेत, मधूनमधून जळाल्यासारखी तपकिरी होते. मी भंडाऱ्यात घरी बसून लोकांच्या वेबसाइट करतो, आणि त्या दिवसांत आमच्या धंद्यात मातीशी नातं सांगणाऱ्या रंगांची चलती होती. म्हणून फिकट गवती पान, त्यावर तपकिरी डाग आणि डागांत पिवळी अक्षरं, असं सगळं मी मोठ्या कलावंताच्या तोऱ्यात मांडलं आणि बचत गटाच्या सभेत लॅपटॉप उघडला. दहा-बारा बाया पुढे वाकल्या. त्यांतल्या सिंधूबाईंनी हळूच विचारलं, "कोनाची बांधी गेली व?"

गटाच्या अध्यक्ष म्हणजे माझ्या बायकोच्या मावशी. देवानं जगातले सगळे रंग केले आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला मावशींना एकोडीला धाडलं, असं माझं ठाम मत आहे. यंदाचा तांदूळ गिरणीवाल्याच्या बिननावाच्या पोत्यात न जाता गटाच्या नावानं बाहेर पडावा, हा हट्ट त्यांचाच. बाकीच्या बाया आधीपासून कां-कूं करत होत्या, तुडतुडा पाहून त्यांचा उरलासुरला धीर सुटला. पोळ्यानंतरच्या सभेत साइट पसंत पडली नाही तर धान नेहमीसारखं गिरणीला, असं ठरलं. मावशी कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "रंग मी निवडते," त्या म्हणाल्या, "जवाईबापू नुसता हात चालवतीन."

मावशी रंगाला नावानं ओळखत नाहीत. हिरवा म्हटलं की त्या विचारणार, "कोनता? पऱ्ह्याचा, रोवण्याचा, का लोंबी निसवल्यावरचा?" घराच्या दाराला त्यांना निळा हवा होता, पण तो कसा, तर सकाळी म्हशी पाण्यात उतरायच्या आधी बोडी, म्हणजे गावचं तळं, दिसते तसा. पेंटर म्हणाला, "काकू, असा डबा दुकानात नाई भेटत." मावशींनी त्याच्या शेजारी पाट टाकला आणि तीन वेळा दार खरवडून घेतलं. तो पेंटर आता त्या बोडीला वळसा घालून गावात येतो. साकोलीच्या साडीच्या दुकानात तर त्या दोन्ही खांद्यांवर एकेक साडी टाकून सरळ भर उन्हात रस्त्यावर चालायला लागतात. पहिल्यांदा मालक ओरडत मागे धावला होता. आता तो त्यांच्यासाठी खुर्चीच बाहेर टाकतो.

इथे माझ्या डोक्याविषयी दोन शब्द लिहिणं भाग आहे. गेली पाच वर्षं मी केस रंगवतो. डबीवर 'नैसर्गिक तपकिरी' असं लिहिलेलं असतं. माझी बायको त्याला विटेचा रंग म्हणते. पण दाराच्या निळ्यातली म्हैस ओळखणाऱ्या मावशींनी या पाच वर्षांत माझ्या केसांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तेव्हा रंग बेमालूम बसलेला आहे, ही माझी खात्री होती. बायकोलाही मी हे प्रमाणपत्र वारंवार ऐकवत असे.

तर लॅपटॉप घेऊन मी एकोडीला जाऊन राहिलो. पहिल्या दिवशी मी मावशींना रंग निवडायचं ते गोल चक्र कौतुकानं दाखवलं. "यात लाखो रंग आहेत मावशी." त्यांनी लॅपटॉप नाकाला लागेल इतका जवळ घेतला, परत दिला आणि म्हणाल्या, "एवढे असून तुमाले नेमका तुडतुडाच कसा सापडला?" मग त्यांनी मला घराबाहेर काढलं, ते थेट बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. भर दुपारी मोबाइलवर माझी साइट उघडायला लावली. उन्हात माझी पिवळी अक्षरं पानात अशी विरघळली की मलाच माझं काम वाचता येईना. "गिऱ्हाईक काय सावलीतच बसून राहते?" मावशींनी विचारलं. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, हा निर्णय तिथेच झाला. पण पांढरा पेजेचा, तोही वरच्या पातळ पेजेचा. आणि काळा कढईच्या बुडाचा.

हिरव्याला तीन दिवस लागले. त्यांना हवा होता पऱ्ह्यांचा हिरवा. पऱ्हे म्हणजे रोवणीआधी दाट उगवलेली कोवळी रोपं. पण रोवणी होऊन महिना उलटला होता, पाहायला सगळ्या गावात एक पऱ्हा उरला नव्हता. मी समोरच्या बांधीकडे बघून रंग लावायचो आणि मावशी धुऱ्यावर डोळे मिटून बसायच्या.

"बोला, कसा झाला?" त्या विचारायच्या.

"हिरवागार."

"हे कोनीबी सांगते. उन्ह पडलं तं आरपार दिसते का?"

"नाही."

"मंग हा महिनाभर म्हातारा झाला. मागं न्या."

मी बोटानं रंगाची पट्टी एकेक आठवडा मागं सरकवायचो. "अजून," त्या म्हणायच्या. "याच्यात पिवळं उतरलं पायजे, पन आजारी नाई. ल्योक न्हाऊन आल्यावानी." त्या मिटल्या डोळ्यांनी इतकं बारीक बोलत की मला ती साधनाच वाटली, मीही एकदा डोळे मिटून पाहिले आणि मोबाइलसकट चिखलात बसलो. शेवटी उरलं ते बटण, जे दाबल्यावर तांदूळ मागवता येतो. "रस्त्यावरून रोवणा चालू असलेली बांधी पाहिली तं पहिले काय दिसते?" मावशींनी विचारलं. मी म्हणालो, "रोवणाऱ्या बायकांची लुगडी." "त्यातबी कोनाचं?" हे साऱ्या एकोडीला ठाऊक होतं. सिंधूबाईंचं लुगडं असं झगझगीत गुलाबी की त्यावर नजर टाकून एसटीवाले थांबा ओळखतात. माझ्या फाइलीत आजही ते चार रंग याच नावांनी जपून ठेवलेले आहेत: पेज, कढई, पऱ्हे, सिंधू.

सभेच्या दिवशी सगळ्या बाया जमल्या. मी लॅपटॉप उघडून आधी मावशींपुढे धरला, अध्यक्षांचा मान म्हणून. त्यांनी पान नीट न्याहाळलं, मान डोलावली आणि समाधानानं म्हणाल्या, "हां. असाच पायजे होता पऱ्हा."

सभा चिडीचूप झाली. मी वाकून पाहिलं. धांदलीत मी जुनी फाइल उघडली होती. पानभर तुडतुडा पसरला होता.

मावशींना ते इतरांच्या गप्प बसण्यावरून कळलं. त्या पदराचं टोक चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू हाये. दोन्हीकडं. डाक्टर पाच सालापासून बोलावून राहिला. पन बियाचं धान सारं गाव मलेच दाखवते ना. दिसत नाई म्हनलं की कोनी इचारत नाई."

सिंधूबाई उठल्या, लॅपटॉप माझ्याकडून ओढून घेतला आणि म्हणाल्या, "खरा काढा." मी खरा काढला. त्यांनी तो साऱ्या बायांपुढून फिरवला, गुलाबी बटणावर बोट ठेवून "हे तं मीच व!" म्हणाल्या आणि मावशींच्या शेजारी येऊन टेकल्या. "पऱ्हाच हाये बाई. सकाळी पानी देल्यावरचा." कोणी हात वर करा म्हटलं नव्हतं, तरी सगळ्यांनी केले. "आता डोळेबी दाखवून या," सिंधूबाईंनी सुनावलं. "बियाचं धान तोवर तसंच राहीन. कोनी हात लावनार नाई."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं व्हायला महिना गेला. तोवर मावशी भंडाऱ्याला आमच्याकडेच होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की उन्हात तो काढायचा नाही. परत पोचवायला निघालो तेव्हा वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या आणि चष्मा कपाळावर सारला. दोन्ही बाजूंना धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. त्या रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या. मग त्यांनी हात पुढे केला, मी मोबाइलवर साइट उघडून दिली. त्यांनी पान हातभर लांब धरलं, उन्हाकडे तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं.

"हाच," त्या म्हणाल्या. "मले वाटे, इसरली असन मी."

पुलावरून दोन ट्रक गेले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे वळलो. मावशींनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच मला केसांपासून नीट पाहिलं.

"साइटीचे रंग मले इचारून केले, बरं झालं," त्या म्हणाल्या. "डोक्याचा कोनाले इचारला होता, जवाईबापू?"