खुणा जुळल्या, तरी गाडी सुरू होईना

मंडळी, हाताचं काळं अजून निघालेलं नाही, पण आजचं आजच सांगतो.

अक्कलकोट फेरीवरच्या सिद्रामप्पांच्या टॅक्सीची टायमिंग चेन आज बदलली. त्यांची लेक आणि दहा दिवसांचा नातू दवाखान्यातून सुटणार होते, चारला त्यांना घेऊन दुधनीला जायचं होतं. चेनच्या दोन्ही चाकांच्या खुणा मी केसभरही फरक न ठेवता जुळवल्या. तरी इंजिन नुसतं फटफटलं.

"खुणा बरोबर आहेत," मी ठणकावलं.

"मग रुसली कशानं, मिस्त्री?" म्हणत सिद्रामप्पांनी पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला. "फिरवा की हँडल."

प्लगांना ठिणगी वाटणारा रोटर पहिल्या नंबरावर आला.

"हितं वाराच न्हाय की ओ."

चौथा प्लग काढून तिथं दाबला, तर वाऱ्यानं अंगठा उडाला. पिस्टन वर दोनदा येतो, एकदा वारा दाबून स्फोटाला, एकदा धूर ढकलायला. मी पहिल्याचा नेमका धुराचा फेरा धरून रोटर बसवला होता.

रोटरसकट डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा वळवून बसवला. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं, आवाज अगदी सारखा.

पावणेचारला निघताना म्हणाले, "नातवाला सांगतो, मिस्त्री खुणेचा पक्का, अंगठ्याचा कच्चा."

कुणाच्या हाताखाली न राबता शिकलो, याचा अभिमान आहेच. पण उद्यापासून आधी अंगठा, मग खुणा. तुम्ही आधी काय बघता?