मंद्रूपच्या विहिरीतली लाल पट्टी

गायकवाड सर गेल्याचा निरोप शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी ज्वारी निवडत होते. चारच दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्यात भेटून आले होते. तब्येतीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. "बाई, मंद्रूपला जाऊन या. शिवप्पांनी विहीर बांधून काढलीय म्हणे. आपली पट्टी उघडी ठेवलीय का, तेवढं बघा." मी "जाते हो" म्हटलं आणि गेले नाही. ऊन फार होतं, हे कारण. आता ते मलाच पटत नाही.

मी मराठीची, ते भूगोलाचे. स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसलो आणि त्यांच्या दगडांवरून मी त्यांना मनसोक्त छळलं. दर मार्चमध्ये ते नववीच्या मुलांना शिवप्पांच्या विहिरीवर न्यायचे. मुली असत म्हणून सोबत मी. पायऱ्या उतरलं की काळ्या दगडाच्या मधोमध विटकरी रंगाची हातभर पट्टी दिसायची. सर सांगायचे, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे ना भीमा होती, ना सीना. आपला देश समुद्रात सुटा पडला होता. डायनासोरांचे शेवटचे दिवस. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहायचा, थरावर थर... तोच हा काळा दगड. पण मधे तो थांबला. खूप वर्षं थांबला. पाऊस पडला, दगड झिजून माती झाली, तिच्यात झाडं उगवली. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली." मग प्रत्येकानं पट्टीवर हात घासायचा आणि सर विचारायचे, "काय लागलं?" उत्तर ठरलेलं, "माती, सर." तरी दर वेळी त्यांना पहिल्यांदाच ऐकल्यासारखा आनंद व्हायचा. "हे परीक्षेला येतं का हो?" मी चिडवायची. "नाही, म्हणून तर आणतो," ते म्हणायचे.

विहिरीच्या कडा ढासळू लागल्या, तेव्हा शिवप्पांनी आतून सिमेंटचं बांधकाम करायचं ठरवलं. सर निवृत्त झालेले, तरी मला स्कूटरवर घेऊन तडक मंद्रूपला गेले. शिवप्पा म्हणाले, "सर, इहीर पान्यासाठी असती की. बगायला न्हाय." सर वाद घालणाऱ्यातले नव्हते. बांधावर बसून राहिले, दोनदा चहा प्याले, पुन्हा बसून राहिले... शेवटी शिवप्पाच हरले. "बरं, खिडकीएवढं सोडतो. पन लई मोठं न्हाय."

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी मी एकटीच एसटीनं गेले. शिवप्पांनी शब्द पाळला होता. सिमेंटमध्ये चौकोनी खिडकी होती आणि तिच्यात लालभडक, चकचकीत ऑइलपेंट! "सर येनार म्हनून मागल्याच हप्त्यात रंगवून घेतलं की, बाई. फिक्कट दिसत हुतं," ते कौतुकानं म्हणाले. मला आधी हसू आलं, मग तिथेच पायरीवर बसून मी रडले. साडेसहा कोटी वर्षं टिकलेल्या मातीवर दोन हात रंग, तोही सरांच्या मानासाठी. वेळेवर आले असते, तर रंगाआधी पोचले असते.

सर गेल्याचं, रंगाचं, शिवप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी घरातून खुरपं आणलं आणि पायरीवर बसून रंग खरवडू लागले. पापुद्रे पाण्यात पडत होते. बराच वेळ गेला. शेवटी खाली तीच फिकट विटकरी पट्टी दिसली. आता तिच्यावर खुरप्याचे ओरखडे होते. ते तसेच राहणार. शिवप्पांनी तिच्यावर तळवा घासला आणि तो उलटा करून पाहू लागले.

"काय लागलं?" मी विचारलं. विचारलं, तेव्हा सरांचाच सूर माझ्या तोंडी आला होता.

"माती हाय की, बाई," शिवप्पा म्हणाले.