चित्स्केचे शेरे

लेउवार्डन शहरात, कालव्याकाठी, पाडायच्या इमारतींतलं सामान सोडवून पुन्हा विकणारी एक वखार होती. चित्स्के होकस्ट्रा तिथे एकवीस वर्षं दारं तपासत होती. हल्ली प्रत्येक दारावर कोड चिकटवायचा असे. त्यावर मोबाइल धरला की दाराची अख्खी कुंडली दिसायची: लाकूड कुठलं, रंग कुठला, बिजागऱ्या कधी बदलल्या, आधी कुणाकडे होतं.

शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना होता. बाकीचे तो कोरा सोडत. चित्स्के मात्र लिहायची: ‘दमट हवेत फुगतं. चिडून ओढू नका, पायाने जरा उचला.’ ‘दंतवैद्याकडचं. लाथांच्या खुणा रुग्णांच्या.’ ‘करकरतं. घरात कुणी चोरून बिस्किटं खात असेल तर जरूर घ्या.’

नवा व्यवस्थापक रूलोफ हे वाचून उखडला.

“चित्स्के, ही मालाची माहिती आहे, तुझा गप्पांचा कट्टा नाही!”

“खोटं काय लिहिलंय, दाखव.”

“खोटं नाही. आगाऊ आहे.”

“दारच आगाऊ असेल तर मी काय करू?”

त्याने एका दुपारीत सगळे शेरे पुसले. चित्स्केने गोड हसून मान डोलावली. तिला ओळखणारे तेवढ्यानेच धास्तावले.

दहाव्या दिवशी पाळणाघर चालवणाऱ्या बाई एक दार गाडीत घालून परत घेऊन आल्या. “बसवलं, पण लागतच नाही!”

चित्स्के म्हणाली, “लागेल की. बसवल्यावर खालून पायाने असं उचला, मग ढकला.” तिने पाय अधांतरी उचलून दाखवला.

“अहो, मग हे लिहायला काय झालं होतं?”

चित्स्केने अगदी भोळा चेहरा केला. “रूलोफ, सांग की बाईंना.”

रूलोफ बीटासारखा लाल झाला.

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या सुताराचा फोन आला. तो रोज जेवताना वखारीच्या वेबसाइटवरचे हे शेरे बायकोला वाचून दाखवायचा. ते गेले कुठे?

“आजवर किती दारं घेतलीत?” रूलोफने विचारलं.

“एकही नाही. पण दंतवैद्याकडचं दार अजून असेल तर आमच्यासाठी ठेवा. बायकोने हट्टच धरलाय.”

रूलोफने मुकाट्याने शेरे परत आणले. अट एकच: नवा शेरा आधी त्याला वाचून दाखवायचा. चित्स्के वाचायची, तो कपाळाला आठ्या घालून ऐकायचा आणि हसू दाबताना खोकायचा. पुढे एका विमा कंपनीचं दार आलं, तेव्हा त्याच्याच तोंडून निसटलं, “लिही, पैसे भरायला येणाऱ्यांना लगेच उघडतं, मागायला येणाऱ्यांना नाही.”

चित्स्केने ते जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली त्याचं पूर्ण नाव टाकलं.