दोन खटक्यांचं मशीन

आमच्या सासूबाईंना चिडवायचं असेल तर एवढंच म्हणायचं, "आता वय झालं तुमचं." मग पुढचा अर्धा तास मुकाट ऐकत बसायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी हा आगाऊपणा करून पाहिला, पुन्हा हिंमत झाली नाही. त्या जिथे काम करतात त्या वसाहतीच्या मॅनेजरला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिथे त्या बावीस वर्षं माळीकाम करतायत. फाटकाच्या दोन्ही बाजूंना छातीइतकं उंच झुडपांचं कुंपण आहे, ते त्या मोठ्या कात्रीने कापायच्या. सासरे गेल्यावर दोन मुलं याच कामावर वाढवली. त्यातला एक माझ्या पदरात पडला. गेल्या वर्षी मनगट सुजलं आणि डॉक्टरांनी बजावलं, कात्री बंद. मॅनेजरला तेवढंच हवं होतं.

"मावशी, वय झालं तुमचं. ठेकेदाराचा माणूस बॅटरीच्या मशीनने दोन तासांत उरकतो. तुम्हाला झेपणार आहे का ते?"

"झेपत नाही हे ठरवणारे तुम्ही कोण?"

शेवटी ठरलं ते असं. मशीन वसाहत घेणार, निवडायचं सासूबाईंनी. सोमवारी सकाळी फाटकाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला ठेकेदाराचा माणूस. नाही जमलं तर नोकरी गेली.

दुकानात मी सोबत गेले. दुकानदाराने सगळ्यात लांब पात्याचं मशीन पुढे केलं. "हे न्या, झटपट काम." सासूबाईंनी ते बॅटरीसकट उचललं, हात लांब करून धरलं आणि आकडे मोजायला लागल्या. दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी छताकडे. चाळीसला हात थरथरले. "ठेवा हे." तिसरं मशीन आखूड पात्याचं, हलकं. दीडशे मोजूनही हात स्थिर. मग बॅटरी काढायला लावली, पिशवीतून वसाहतीच्या कुंपणाची एक जाड फांदी काढली आणि पात्याच्या दोन दातांमध्ये ती बसते का ते पाहिलं. बसली.

"एका हाताने सुरू होतं का हो?"

"नाही बाई. दोन्ही मुठींना खटके आहेत. दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नाही."

"मग हेच द्या."

मला कळेना, यात एवढं कौतुक कसलं! सोमवारी कळलं: दोन्ही हात मुठींवर असले की बोट पात्यापाशी जातच नाही. ठेकेदाराच्या माणसाने पुढच्या मुठीचा खटका चिकटपट्टी गुंडाळून कायमचा दाबून टाकला होता. एका हातात मशीन, दुसऱ्या हाताने फांद्या सारतोय, आणि सुटलाय नुसता. आणि आमच्या बाईसाहेब? डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, पायात बंद बूट घालून कुंपणात अडकलेल्या तारा नि बाटल्या वेचत बसलेल्या! 

"आई, सुरू करा ना!"

"गप्प बस. तार पात्यात गेली तर तू येणार आहेस काढायला?"

त्यांनी सुरू केलं तेव्हा तो अर्ध्यावर होता. थोडं पुढे गेल्या आणि एक फांदी पात्यात अडकली. त्यांनी खटके सोडले, मशीन जमिनीवर ठेवलं आणि बॅटरी काढायला खाली बसल्या.

मॅनेजर खो खो हसला. "अहो मावशी, एवढ्याशा काडीसाठी बॅटरी काय काढताय? हात घाला आणि ओढा. तो बघा, फाटकापाशी पोचलासुद्धा!"

बॅटरीवरचा हात सासूबाईंनी काढून घेतला. उभ्या राहिल्या, दोन पावलं मागे सरकल्या.

"बॅटरी आतच आहे, साहेब. घाला हात."

मॅनेजर हसतच वाकला. मग हसू गेलं. तो तसाच सरळ झाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. गॅलऱ्यांमधून अख्खी वसाहत बघत होती.

"बोटं तुमची असली की भीती, आणि माझी असली की घाई?" सासूबाईंचा आवाज चढला. "दहा बोटं घेऊन आले इथे, दहाच्या दहा घरी नेणार. नोकरी काढायची तर खुशाल काढा, हात घालणार नाही. आता सगळ्यांसमोर सांगा, मला मशीन जमतं की नाही?"

"जमतं," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"जमतं, मावशी!"

मला रडूही येत होतं आणि शिट्टी वाजवावीशीही वाटत होती. पलीकडे ठेकेदाराच्या माणसाने मशीन बंद केलं होतं आणि मान खाली घालून तो नखाने चिकटपट्टी सोलत होता.

सासूबाईंनी बॅटरी काढली, काठीने फांदी ढकलून पाडली आणि पुन्हा कामाला लागल्या. त्यांची बाजू पुरी व्हायला दुपारचा एक वाजला. मॅनेजर घड्याळ बघत आला. "झालं एकदाचं?"

"आजचं झालं," मोजे झटकत त्या म्हणाल्या. "महिन्याभरात परत वाढेल. तेव्हाही मीच येणार आहे, आणि असाच एक वाजणार आहे."