घोडा येतो, असं म्हणून बसलो

शेठ आणि वहिनींना मी आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. त्यामुळे वहिनींनी "दादा, तुम्हाला घोडा येतो ना?" असं विचारलं तेव्हाही तोंडातून आपोआप हो निघून गेलं.

त्यांचा शारजात, रोल्ला भागात, जेवणाच्या डब्यांचा धंदा आहे. मी व्हॅन चालवतो. त्याआधी दुबईत मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात एका खोलीत आम्ही दहा जण होतो. तिथून त्यांनी मला आणलं आणि किचनच्या मागची खोली दिली, खिडकीसकट. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पण पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपत होता आणि शेठ त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. अशा दिवसांत नाही म्हणायची माझी काय छाती होती.

गावाकडं मी गुरं राखायचो, हे वहिनींना ठाऊक होतं. गुरं आली म्हणजे घोडाही आला, असं त्या धरून चालल्या होत्या. आमच्या गावात घोडा फक्त वरातीत यायचा, तोही भाड्यानं, आणि नवरदेवाला दोन्ही बाजूंनी माणसं धरून चालायची.

अल ऐनच्या वाटेवर एक फार्म आहे. सुट्टीच्या दिवशी तिथं लहानथोरांना घोड्यावर बसवून गाई हाकू देतात. गोठ्यातल्या वीसेक गाई वाळूतून पलीकडच्या चाऱ्याच्या कुंपणापर्यंत न्यायच्या, एवढंच काम. शेठच्या नऊ वर्षांच्या मुलीनं हट्ट धरला. वहिनींनी एकच अट घातली, दादा शेजारच्या घोड्यावर पाहिजेत.

तिथल्या पठाण उस्तादाला शेठ ऐटीत म्हणाले, "हमारा आदमी एक्सपर्ट है. बचपन से जानवरों में रहा है."

झालं. मुलीला म्हातारा, झोपाळू घोडा मिळाला आणि मला एक उंच काळा, ज्याला माझ्याबद्दल पहिल्यापासूनच शंका होती. मी रिकिबीत उजवा पाय घातला.

"हबीबी, ऐसे चढोगे तो मुँह दुम की तरफ होगा," उस्ताद म्हणाला.

शेवटी उस्ताद आणि तबेल्यातला एक पोरगा, दोघांनी मिळून मला वर ढकललं.

"काका, आर यू स्केअर्ड?" मुलीनं विचारलं.

"नाही गं. गारठा आहे म्हणून थरथरतोय."

"इट्स नॉट दॅट कोल्ड."

उस्ताद "यल्ला" म्हणाला आणि सगळे निघाले. सुरुवात बरी झाली. म्हणजे घोडा आपल्या मनानं चालत होता आणि मी दोन्ही मुठींत त्याची आयाळ धरून मुलीकडं लक्ष ठेवल्यासारखं करत होतो. तेवढ्यात एक काळीपांढरी गाय माझ्या पायाला घासून पुढं गेली. आता, आमच्याकडं गाय अंगाला लागली की हात आधी तिच्या पाठीवर जातो, मग आपल्या कपाळाला. डोक्याला विचारायची पद्धत नाही. तसा तो गेला. पण गाय खाली होती आणि मी वर, त्यामुळे बरंच वाकावं लागलं. हात पाठीला नीट लागला. कपाळापर्यंत मात्र पोचला नाही, कारण तोवर मी वाळूत होतो.

काळा घोडा परत तबेल्याकडं निघाला. गाई बिचकून पांगल्या. मी आधी मुलीकडं बघितलं. ती वरच होती आणि हसून हसून वाकली होती. मग मी उठलो, एका हातात तिच्या घोड्याचा लगाम घेतला आणि सगळ्यात मागच्या गाईमागं जाऊन "हैऽक, हैऽक" सुरू केलं. त्या गाईंना मराठी कुठून येणार? पण मागून कुणी ठाम पावलांनी आलं की पुढं व्हायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. दहा मिनिटांत सगळ्या कुंपणात.

"ये तो पैदल का उस्ताद है," पठाण शेठना म्हणाला. "इसको घोड़े पे किसने बिठाया?"

वहिनी कुंपणाजवळ उभ्या होत्या. "दादा, तुम्हाला घोडा येत नाही."

"नाही, वहिनी."

"माझी मुलगी होती शेजारी. मग हो का म्हणालात?"

मी कपड्यांवरची वाळू झाडली. मग म्हणालो, "व्हिसाचं काही कळत नव्हतं. म्हटलं, अशा वेळी नाही म्हणणं बरं दिसणार नाही."

वहिनी शेठकडं वळल्या. "अहो, तुम्ही यांना सांगितलंच नाही?"

"व्हिसाचे कागद करणाऱ्या टायपिंगवाल्याचा मेसेज फॉरवर्ड केला होता की मागच्या आठवड्यात. यानं हात जोडलेले पाठवले."

हे खरं होतं. इंग्रजी मेसेजला मी नेहमी हात जोडलेले पाठवतो. कुणी रागावत नाही.

"रिन्यू करायला टाकलाय तुझा व्हिसा," शेठ म्हणाले. "सोमवारी मेडिकल आहे. आणि पुन्हा न येणाऱ्या गोष्टीला हो म्हणालास ना, तर बघ."

"हो, शेठ," मी म्हणालो.

कंबर ठणकत होती, पण मेडिकल ऐकल्यावर व्हॅनपर्यंत मी अजिबात लंगडलो नाही.