स्कार्फची गाठ

रस्ता ओलांडण्यासाठी थांबलो असता शेजारी गणवेशातला एक स्काउट येऊन उभा राहिला. त्याच्या स्कार्फच्या टोकाला गाठ होती. सकाळी मारलेली ही गाठ दिवसातले एक सत्कृत्य घडल्यावरच सोडायची, अशी आम्हा स्काउटांची रीत.

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या हिमवर्षावातून मी माझे शाळेचे स्काउट पथक धीराने खाली आणले, असे माझ्या सत्कारात सांगितले गेले. साफ खोटे! सांगणारे तिथे नव्हते, मी होतो. माझी बोटे बधिर झाली होती. बुटाची सुटलेली नाडी बांधता येईना आणि ते कबूल करवेना, म्हणून मीच मुलांना बर्फात ताटकळत ठेवले होते. अखेर बारा वर्षांचा नवांग हातमोजे काढून माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला.

“सर, पाय पुढे करा.”

“मला येते बांधता.”

“येते हो, तुम्हीच तर आम्हांला गाठ शिकवलीत. पण आता पाय द्या, आम्ही गारठलोय.”

नाडी बांधून झाल्यावर त्याने माझी बोटे आपल्या तळहातांत धरली आणि ती हलू लागेपर्यंत सोडली नाहीत. शाळेत परतल्यावर त्याने आपल्या स्कार्फची गाठ सोडली.

रस्ता मला या वयातही एकट्याला ओलांडता येतो. तरीही मी शेजारच्या त्या स्काउटपुढे हात केला.