एका वाटीत दोन टोकं

नव्वदनंतर मलकपेठेतल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं दिलसुखनगरला कॉम्प्युटर शिकायला जायची आणि मी प्रयोगशाळेत मेलेल्या किड्यांशी खेळत बसायचे. बाबा म्हणायचे, जगाची दारं उघडली आणि ही बाटलीत डोकं घालून बसली.

माझे सर तेलुगू, निवृत्तीला आलेले. हिमालयातल्या दोन ओढ्यांवरून त्यांनी स्टोनफ्लाय नावाचे किडे आणले होते, प्रत्येक ओढ्याचा एकच नर. वरून दोघे अगदी सारखे. फरक असलाच तर पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीकशा, हुकासारख्या आकड्यात. तो बघायला टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचं. मांस विरघळतं, आकडा उरतो. एका वाटीत एकच किडा, हा सरांचा पहिला धडा. दुसऱ्या ओढ्याचा किडा नवीन जातीचा निघेल, अशी त्यांना आशा होती. गुडघे गेल्यामुळे ते पुन्हा तिथं चढणार नव्हते.

त्या दुपारी लाइट जायच्या आत उरकावं म्हणून मी दोन्ही टोकं एकाच वाटीत टाकली. डावं पहिल्याचं, उजवं दुसऱ्याचं, राहील की लक्षात. वाटी उचलली तशी दोन्ही टोकं तरंगत एकमेकांना चिकटली.

मायक्रोस्कोपखाली एक आकडा टोकदार दिसला, पुस्तकातल्या चित्रासारखा. दुसरा बोथट, कुठल्याच पुस्तकात नसलेला. नवी जात सापडली होती, पण ती कोणत्या ओढ्याची, हे आता सांगता येणार नव्हतं. कापलेल्या कडा धडांना लावून पाहिल्या, पण त्या फुगल्या होत्या, कुठल्याच धडाशी जुळेनात. शेवटी मी किड्याच्या बाटलीत टाकायची चिठ्ठी लिहिली: बोथट, दुसरा ओढा. सरांना तेच हवं होतं.

जिन्यावर त्यांची काठी वाजली. चिठ्ठी बाटलीत टाकायला हात धजेना. ती मुठीत दाबून मी सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीचं सोडून.

सर ओरडले नाहीत. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी तो बोथट आकडा पाहिला. मग दोन्ही टोकं एकाच बाटलीत ठेवून त्यांनी वर लिहिलं, ओढा माहीत नाही.

"अंदाज से लिख दिये तो मेरेकू कैसा मालूम होता?" ते हळूच म्हणाले. "अच्छा हुआ, तुम वैसे नै."

मी होकारार्थी मान डोलावली. सरांची भीती केव्हाच गेली होती, आता माझीच मला वाटत होती. बसमध्ये बसेपर्यंत मी मूठ उघडली नाही.